ताईच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड: गणपती ते दिवाळी

अनंत चतुर्दशीच्या रात्री, म्हणजे ६ सप्टेंबर २०२५ ला, साडेनऊच्या सुमारास ताईचा फोन आला. "अरे स्क्रीन काळी झाली, आतला पंखा फिरतोय पण दिसत काहीच नाही." ताई म्हणजे माझी चुलत बहीण, इंदूरला लोकमान्यनगरात राहते, घरूनच इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू करून देते, सुतार आणि कॉन्ट्रॅक्टर लोक तिला नकाशा पाठवतात आणि ती किचन-हॉल-बेडरूम कसं दिसेल ते ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवून देते. मी राहतो विजयनगरला, त्या रात्री झांक्यांमुळे (सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) मधले सगळे रस्ते बंद, राजवाड्याकडून पलीकडे जायचं म्हणजे अशक्यच, म्हणून म्हटलं सकाळी येतो, तोपर्यंत काही खोलू नकोस.

तिचं मशीन मीच २०२० च्या दिवाळीत पार्ट आणून जोडलेलं. रायझन ५ ३६०० प्रोसेसर (सीपीयू), बी४५० चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आणि तेव्हा बजेट संपलं म्हणून माझ्याकडे पडलेलं २ जीबीचं एक जुनं कार्ड लावलं होतं, "नंतर चांगलं घेऊ" असं म्हणून. ते नंतर पाच वर्षं आलंच नाही. सकाळी जाऊन बघितलं तर बोर्डावरचा व्हीजीएचा छोटा दिवा पेटलेला. हा दिवा फार कामाचा असतो, पीसी चालू करताना बोर्ड सीपीयू, रॅम, ग्राफिक्स, डिस्क असं एकेक तपासतो आणि जिथे अडतो तिथला दिवा जळत राहतो. माझ्या घरचं एक फालतू कार्ड बरोबर नेलं होतं ते लावल्यावर स्क्रीन लगेच आली, म्हणजे जुनं कार्ड गेलं हे नक्की. रायझन ३६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्डाशिवाय काहीच दिसणार नाही, नवीन घेणं भागच होतं. माझं कार्ड तिथेच ठेवून आलो, नुसती स्क्रीन दिसण्यापुरतं.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण ह्या एका कार्डासाठी आम्ही तीन आठवडे घेतले आणि त्यातून मला जे समजलं ते मी आधीच्या दहा-बारा जणांच्या मशीनला कार्ड सुचवताना केलं नव्हतं. मी सरळ कार्डांपासून सुरुवात करायचो, कुठलं जास्त फास्ट, किती जीबी, भाव काय. ह्यावेळी ताईनेच थांबवलं. ती म्हणाली, "तू मला आकडे नको सांगू, मी दिवसभर काय करते ते आधी बघ." मग मी एक पूर्ण रविवार तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो.

तर तिचं काम असं. डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, चालवते, २०२० पासून, कारण त्या वेळी थ्रीडीचं पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर तिला परवडत नव्हतं आणि ब्लेंडर फुकट होतं, पुढे सवय झाली आणि आता ती दुसऱ्या कशावर जायला तयार नाही. दिवसा ती ब्लेंडरमध्ये मॉडेल बनवते, इंकस्केपमध्ये मापांचे कागद काढते, क्लायंटशी बोलते. फायनल रेंडर, म्हणजे मॉडेलवरून तयार होणारं पक्कं चित्र, मात्र ती रात्री झोपताना लावते, ब्लेंडरच्याच सायकल्स इंजिनवर, आणि जुन्या कार्डावर सायकल्स चालतच नव्हतं म्हणून सगळं सीपीयूवर, एका व्ह्यूला तासाच्या आसपास. सकाळी उठून बघायचं, चूक दिसली तर परत पुढच्या रात्री. भाऊजींना फोटोग्राफीचा नाद, पातालपाणी, जानापाव, चोरल असं पावसाळाभर फिरतात आणि रॉ फाइल डार्कटेबलमध्ये काढतात. गणपतीतल्या नाटकाचा व्हिडिओ ताई केडेनलाइव्हमध्ये कापते. आणि भाचा बारावीत आहे, त्याचं म्हणणं, मामा, गेमही चालली पाहिजे आणि एआयचं पण काहीतरी करता आलं पाहिजे.

बजेट एकूण २५,००० रुपये, त्याच्या वर एक रुपया नाही असं ताईने स्पष्ट सांगितलं.

इथे पहिली गोष्ट निघाली ती केडेनलाइव्हची. ताईची तक्रार होती की व्हिडिओ कापताना अडकतो, तर चांगलं कार्ड घेतलं की सुटेल. बघितलं तर तसं नव्हतं. केडेनलाइव्हचं बरंचसं काम सीपीयूच करतो, कार्डाचा उपयोग मुख्यतः शेवटी फाइल बाहेर काढताना होतो, ते पण आपण हार्डवेअर एन्कोडिंग निवडलं तर. अडकत होता तो मोबाइलच्या व्हिडिओमुळे, मोबाइल एकसारख्या फ्रेम रेटने शूट करत नाही, कधी ३० कधी २७ कधी २९, आणि एडिटरला ते झेपत नाही. केडेनलाइव्ह स्वतःच विचारतं की ही क्लिप एडिटिंगला सोयीच्या फॉरमॅटमध्ये बदलू का, ताई दर वेळी नाही म्हणायची. तिथे हो म्हटलं आणि प्रॉक्सी क्लिप चालू केल्या, म्हणजे एडिट करताना हलकी कॉपी वापरायची आणि शेवटी मूळ फाइल, तर माझ्या त्या फालतू कार्डावरच नाटकाचा दोन तासांचा व्हिडिओ सरळ चालायला लागला. एक पैसा खर्च न होता एक कारण यादीतून गेलं. नुसतं ऐकून कार्ड सुचवलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

दुसरी गोष्ट कार्डावरच्या मेमरीची. लोक म्हणतात १२ जीबी घ्या, १६ जीबी घ्या. ब्लेंडर रेंडर करताना वर एका ओळीत मेमरी किती लागली ते दाखवतं, त्यात पीक म्हणून आकडा असतो, त्यावरून सीनचा साधारण अंदाज येतो. ताईच्या आतापर्यंतच्या सगळ्यात जड सीनला, तीन बेडरूमचा पूर्ण फ्लॅट, पडदे, गालिचे, झाडं सगळं धरून, साधारण ५ जीबी आले. म्हणजे ४ जीबीचं कार्ड बाद, ८ जीबी पुरेसं, १२ मिळालं तर आनंद. हा एक आकडा हातात असल्यामुळे पुढे दुकानात फार फायदा झाला.

तिसरी गोष्ट पॉवर सप्लायची, आणि ह्यावर मी जरा जास्त लिहिणार कारण सगळा निर्णय इथे फिरला. कॅबिनेटबरोबर आलेला सप्लाय, वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. बाजूचं स्टिकर वाचलं तर १२ व्होल्टच्या लाइनवर १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आता सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली बहुतेक वीज ह्या १२ व्होल्टवरूनच घेतात, ३६०० हा ६५ वॅटचा सीपीयू म्हणतात पण पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत जातो, आणि आमच्या मनातलं कार्ड १३२ वॅटचं, बेरीज २२०. म्हणजे वरचे ४५० नुसते कागदावर, आपल्याला जिथे पाहिजेत तिथे १९२ च. शिवाय त्याला कार्डासाठी ६ पिनची एकच वायर होती, ८ पिनची नाहीच. दुकानात ५०-१०० रुपयांत मोलेक्सवरून (जुन्या डिस्कच्या चार पिनच्या वायरवरून) ८ पिन करणारा जोड मिळतो आणि लोक बिनधास्त लावतात, मी लावत नाही आणि तुम्हालाही सांगतो लावू नका, रात्रभर रेंडर चालणार, घरात सगळे झोपलेले, आणि उन्हाळ्यात इंदूरचा पारा ४२ च्या पुढे जातो, त्या पातळ वायरवर एवढा भार द्यायचा नाही. तर सप्लाय बदलणं आलं, ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ, चार हजार. कार्डासाठी उरले २१,०००.

आणि ह्याच्याच जोडीला यूपीएस. तिच्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस आहे, म्हणजे साधारण ३६० वॅट. रात्री लाइट गेली तर पाच मिनिटं तरी धरायला हवं, नाहीतर रेंडर गेलं. त्यामुळे कार्ड किती वॅटचं हा प्रश्न आमच्यासाठी वेगाइतकाच मोठा झाला.

मग सिल्व्हर मॉल. आरएनटी मार्गावरचा हा मॉल म्हणजे इंदूरमध्ये कॉम्प्युटरचा पार्ट पाहिजे तर पहिलं नाव, ताई आणि मी दोन चकरा मारल्या, चार दुकानं केली. पहिल्याच दुकानात, "भिया, गेमिंग के लिए चाहिए क्या?" म्हटलं नाही, ब्लेंडर, लिनक्सवर. लिनक्स म्हटल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला सब चलता है. सगळं चालतं हे खरंही आहे आणि नाहीही, म्हणून जे जे समोर आलं आणि जे का सोडलं ते सांगतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे एएमडीचं जुनं आरएक्स ५८०, ८ जीबी, सहा-साडेसहा हजार. ही जुनी कार्डं बाजारात एवढी का दिसतात त्याचं कारण इथेरियम. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांवरचं मायनिंग बंद करून दुसरी पद्धत घेतली आणि जगभरच्या मायनिंगवाल्यांची कार्डं एकदम विकायला निघाली. लिनक्सवर ५८० छान चालतं, स्क्रीन, व्हिडिओ, हलके गेम सगळं, ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच. पण ताईसाठी शून्य, कारण ब्लेंडरने ३.० पासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून, सायकल्समधून ओपनसीएल (कार्डाकडून गणना करून घ्यायची एक पद्धत) काढून टाकलं आणि एएमडीसाठी एचआयपी नावाची नवीन वाट आणली, त्या वाटेवर ५८० ची पोलारिस पिढी नाहीच. म्हणजे ८ जीबी असूनही रेंडर सीपीयूवरच. शिवाय ५८० नावाखाली २०४८ एसपी असं एक वेगळं कार्डही विकलं गेलंय, खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात, हे कमी ताकदीचं. खोक्यावर बारीक अक्षरात असतं, जुन्या मालाला खोकंच नसतं.

दुसरं आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी. नवीन, सीलबंद, वॉरंटी, भाव बरा. हे दोन्ही ४ जीबीचे म्हणून आमच्या ५ जीबीच्या आकड्यातच बाद होते, पण ज्यांना चालत असेल त्यांनी दोन गोष्टी बघाव्या. एक, ही कार्डं बोर्डाशी फक्त ४ लेनवर (डेटाच्या वाटांवर) बोलतात, नवीन बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ४ असेल तर निभतं, पण बी४५० वर पीसीआय एक्सप्रेस ३ आहे, तिथे रस्ता अर्धाच उरतो. दोन, ह्यांच्यात व्हिडिओ एन्कोडर नाहीच, एच २६४ पण नाही, व्हिडिओचं काम करणाऱ्याने घेऊ नये.

मग एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०. इथे दुकानदार नुसतं "३०५०" म्हणतो आणि भाव सांगतो, दोन दुकानांत साडेतीन हजारांचा फरक आला तेव्हा मी खोकं मागून बघितलं तर एक ६ जीबीवालं निघालं. नाव तेच पण आतून वेगळं, ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आणि १२८ बिटची मेमरी लाइन, ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. ६ जीबीवाल्याचा एक खरा गुण म्हणजे ते ७० वॅटचं आहे आणि बहुतेक वेळा वेगळी पॉवरची वायरच लागत नाही, ज्यांचा सप्लाय छोटा आहे आणि बदलायचा नाही त्यांच्यासाठी तेच बरं. आम्ही सप्लाय बदलणारच होतो.

इंटेलचं आर्क ए७५० पण एकाकडे होतं, ८ जीबी, आमच्या बजेटमध्ये. मला त्याचं आकर्षण होतं कारण इंटेलचा ड्रायव्हरही उघडा (ओपन सोर्स), कर्नलमध्येच, ब्लेंडर ३.३ पासून सायकल्स त्याच्यावर चालतं. पण २२५ वॅट. ८८ आणि २२५ म्हणजे ३१३, त्यात बोर्ड, डिस्क, मॉनिटर धरा की यूपीएसचे ३६० संपले. शिवाय त्याला बायोसमध्ये रिसाइझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय) चालू असावं लागतं नाहीतर वेग बराच पडतो, बी४५० वर बायोस अपडेट करून ते मिळतं पण वॅटचं काही करता येत नव्हतं.

शेवटी उरले दोन. आरएक्स ६६००, ८ जीबी, १३२ वॅट, त्या दिवशीचा भाव २०,५००. आणि आरटीएक्स ३०६०, १२ जीबी, १७० वॅट, २५,५००. (३०५० ८ जीबी २१,००० ला होतं, ते ह्या दोघांच्या मधे लटकत राहिलं.)

आता इथे खरं ते सांगायलाच पाहिजे. सायकल्समध्ये एनव्हिडियाचं पारडं जड आहे. ब्लेंडरमध्ये कूडा, म्हणजे कार्डावर गणना करायची एनव्हिडियाची पद्धत, २०११ पासून आहे, वर ऑप्टिक्स आलं जे कार्डातले रे ट्रेसिंगचे खास भाग वापरतं, त्यामुळे ३०६० हे ६६०० च्या दुपटीच्या आसपास जातं, आणि गेममध्ये ६६०० च्या मागे पडणारं ३०५० सुद्धा सायकल्समध्ये पुढे जातं. मला स्वतःला उघडा ड्रायव्हर आवडतो पण माझ्या आवडीसाठी ताईच्या कामाचं नुकसान होऊ नये म्हणून हे मी तिच्यासमोर जसंच्या तसं ठेवलं. भाच्याच्या एआयसाठीही एनव्हिडियाच सोपं.

दुसऱ्या बाजूला काय होतं तर ड्रायव्हरची रचना, आणि हे ताईला समजावताना मला जरा वेळ लागला. एएमडीने २००७ मध्ये आपल्या चिपची कागदपत्रं ओपन सोर्सवाल्यांना द्यायला सुरुवात केली, २०१५ मध्ये एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नल ४.२ मध्ये आला. त्याच्या वरचा थर म्हणजे मेसा, जो १९९३ मध्ये ब्रायन पॉलने सुरू केला, त्यातला वल्कनसाठीचा (गेम वगैरे ज्यातून कार्डाशी बोलतात ती पद्धत) आरएडीव्ही तर डेव्ह एअर्ली आणि बास न्यूवेनहाउझेन ह्यांनी २०१६ मध्ये एएमडीची वाट न बघता बाहेरून लिहिला, पुढे व्हॉल्व्ह ह्या गेम कंपनीने त्यात शेडर कंपायलर घातला. म्हणजे डेबियन टाकलं की ड्रायव्हर आलाच, कर्नल अपडेट झाला की ड्रायव्हर बरोबरच अपडेट, वेगळं काही बसवायचं नाही. एनव्हिडियानेही मे २०२२ मध्ये कर्नलमधला भाग उघडा केला, ट्युरिंग आणि पुढच्या पिढ्यांसाठी, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं कौतुक व्हायला पाहिजे, पण वरचा थर, ज्यात कूडा आणि ऑप्टिक्स आहे, तो बंदच. मेसामधलं एनव्हीके नावाचं उघडं काम वेगाने पुढे जातंय पण त्याच्यावर सायकल्स चालत नाही. म्हणजे ताईला ३०६० घेऊन कंपनीचाच ड्रायव्हर वापरावा लागणार, दर कर्नलबरोबर त्याचं मॉड्यूल पुन्हा बनणार, सिक्युअर बूट चालू असेल तर सही करावी लागणार. डेबियनच्या स्टेबलवर हे सगळं नीट चालतं, हजारो लोक चालवतात, पण कधी अडलं तर ते सोडवायला मी विजयनगरहून जाणार.

आणि किती वर्षं, हा प्रश्न. ताई कार्ड पाच वर्षं बदलत नाही हे सिद्धच झालंय. कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये जुनी पिढी कधीतरी गळते, एनव्हिडियाने जाहीर केलंय की मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा पिढ्यांसाठी ड्रायव्हरची ५८० क्रमांकाची शाखा (आरएक्स ५८० कार्डाशी संबंध नाही) ही शेवटची. (म्हणूनच पास्कल पिढीचं जुनं १०५० टीआय किंवा १०६० लिनक्ससाठी आता घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.) मेसात मात्र ज्याला गरज आहे तो कोणीही जुनं कार्ड सांभाळू शकतो, कोड समोर आहे. एएमडीचं पण शंभर टक्के उघडं नाही हे लक्षात ठेवा, कार्डाच्या आत चढणारं फर्मवेअर बंदच असतं, डेबियनमध्ये ते नॉन-फ्री-फर्मवेअरमधून येतं, ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या लोकांनी मतदान करून ते इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं म्हणून आज आपल्याला शोधत बसावं लागत नाही.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे रात्री लावलेलं रेंडर एका कार्डावर एक वाजता होईल आणि दुसऱ्यावर बारा वाजता, मी तर झोपलेली असणार ना?" हिशोब तिनेच सोडवला. तिचं रेंडर रात्रीचं, आठवड्याला चार-पाच व्ह्यू, त्यात दुप्पट वेगाचा तिला उपयोग कमी, दिवसाचं काम व्ह्यूपोर्टमध्ये (मॉडेल बनवतानाच्या खिडकीत), ते दोन्हीवर सारखंच गुळगुळीत. ३०६० आणि सप्लाय मिळून २९,५०० होत होते, बजेटच्या बाहेर. ६६०० आणि सप्लाय २४,५००. जर ती दिवसभर रेंडर करणारी असती, अ‍ॅनिमेशन करत असती, तर मी पैसे उसने घेऊन तिला ३०६० घ्यायला लावलं असतं, आणि तसं काम करणाऱ्या कोणालाही आजही तेच सांगीन.

मधे एक आठवडा असाच गेला कारण दुकानात सगळे म्हणत होते २२ सप्टेंबरला जीएसटी कमी होतोय, थांबा. आम्ही थांबलो. ३२ इंचावरचे टीव्ही आणि मॉनिटर २८ वरून १८ टक्क्यांवर आले, पण ग्राफिक्स कार्ड आधीही १८ वर होतं आणि नंतरही १८ वरच, काही फरक पडला नाही. नवरात्रात जाऊन घेऊन आलो, सीलबंद, बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला. हे करायचंच, वॉरंटीला तोच लागतो.

बसवायच्या दिवशी आधी डेबियन १२ वरून १३ केलं, जे ऑगस्टमध्येच आलं होतं, कर्नल ६.१२ आणि मेसा २५.०. ६६०० तसं ऑक्टोबर २०२१ चं कार्ड, १२ वरही चाललं असतं, पण नवीन मेसा मिळतंय तर का नाही. कार्ड लावलं, नवीन सप्लायची ८ पिन लावली, चालू केलं, स्क्रीन आली, ड्रायव्हर म्हणून काहीच बसवलं नाही. ताई म्हणाली, झालं? म्हटलं झालं.

पण झालं नव्हतं. ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये एचआयपीच्या खाली एकही कार्ड दिसेना. स्क्रीनसाठी कर्नल आणि मेसा पुरतं, पण सायकल्सला एचआयपीचं रनटाइम वेगळं लागतं, ते बसवलं, तरी रिकामं. दोन तास गेले. केबल बघितली, बायोस बघितलं, ब्लेंडरची दुसरी आवृत्ती उतरवली. शेवटी लक्षात आलं की ताईचा यूजर रेंडर नावाच्या ग्रुपमध्ये नव्हता, आणि गणनेसाठी कार्डाचं जे दार आहे, केएफडी, ते त्या ग्रुपलाच उघडतं. यूजर ग्रुपमध्ये घातला, लॉगआउट करून परत आत आलो, आणि कार्डाचं नाव दिसलं. एका ओळीची कमांड. एएमडी घेऊन ब्लेंडर चालवणार असाल तर हे पहिल्यांदा करा, इतर काही करायच्या आधी.

डार्कटेबललाही असंच एक लागलं. त्याला ओपनसीएल पाहिजे, आता मेसामध्ये रस्टिकल आहे, कॅरोल हर्ब्स्टने रस्ट भाषेत लिहिलेलं, २०२२ च्या शेवटी मेसात आलं, पण एएमडीसाठी ते आपोआप चालू होत नाही, एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमला आधी सांगून ठेवायची सेटिंग) देऊन चालू करावं लागतं. दिल्यावर भाऊजींच्या रॉ फाइलवरचा नॉइज काढायचा स्लायडर हाताबरोबर हलायला लागला, आधी हलवून वाट बघायला लागायची. मॉनिटर मी डिस्प्लेपोर्टवर लावला, एचडीएमआयवर नाही. त्यांच्या मॉनिटरला फरक पडत नाही, पण पुढे कोणी ४के १२० हर्ट्झचा टीव्ही लावायचा म्हटलं तर पंचाईत, एचडीएमआय फोरमने २०२४ च्या फेब्रुवारीत एएमडीला एचडीएमआय २.१ उघड्या ड्रायव्हरमध्ये घालायला नकार दिला.

जो व्ह्यू सीपीयूवर तास घ्यायचा तो आता आठ-नऊ मिनिटांत होतो, तेच सॅम्पल, तोच साइझ. ह्याचा परिणाम मी धरला होता त्यापेक्षा वेगळा झाला. ताईने रात्री रेंडर लावणंच जवळजवळ सोडलं, चहा होईपर्यंत व्ह्यू होतो म्हणून ती आता क्लायंट फोनवर असतानाच रंग बदलून दाखवते. म्हणजे ज्या हिशोबावर आम्ही ३०६० सोडलं तो हिशोबच बदलला, आणि तेव्हा ती म्हणाली की चार मिनिटांत झालं असतं तर अजून छान झालं असतं नाही का. हो, झालं असतं. काम मशीनला बघून बदलतं, हे मी त्या रविवारी खुर्ची टाकून बसलो तेव्हा ध्यानात घेतलं नव्हतं, मी तिचं जुन्या मशीनवरचं काम मोजलं. पुढच्या वेळी कोणासाठी बघताना विचारीन की हे पटकन झालं तर तू काय करशील.

भाच्याचं एआय अर्धवट आहे. ६६०० एएमडीच्या आरओसीएमच्या (कार्डावर एआयसारखी गणना चालवायचं सॉफ्टवेअर) अधिकृत यादीत नाही, एक व्हेरिएबल देऊन त्याला मोठ्या भावाचं, म्हणजे त्याच पिढीतल्या मोठ्या कार्डाचं, नाव सांगायचं, १०.३.०, मग पायटॉर्च हे एआयचं सॉफ्टवेअर चालतं. छोटी मॉडेल त्याने चालवून बघितली, मोठ्यांना ८ जीबी पुरत नाही. बारावीचं वर्ष आहे, ताई म्हणते तेवढं पुरे.

दिवाळी झाली आणि ऑक्टोबरच्या शेवटी ताईचा परत फोन, जरा घाबरलेली. भाच्याने बातमी दाखवली होती की एएमडीने ५००० आणि ६००० सिरीजची कार्डं मेंटेनन्स मोडमध्ये टाकली, "आपण महिन्यापूर्वी घेतलं आणि कंपनीने सोडून पण दिलं?" बातमी खरी होती, पुढे कंपनीने खुलासाही केला, पण ती सगळी विंडोजच्या ड्रायव्हरची गोष्ट. तिच्या मशीनवर जो ड्रायव्हर चालतो तो कर्नल आणि मेसामध्ये आहे, तो वेगळ्या लोकांच्या हातात, वेगळ्या वेळापत्रकावर. मी तिला मेसाच्या बदलांची यादी उघडून दाखवली, तिच्या कार्डाच्या पिढीवर त्याच आठवड्यात काम झालेलं होतं. २०,५०० मधले काही रुपये आपण कशासाठी दिले ते तिला त्या दिवशी नीट समजलं, आणि खरं सांगायचं तर मलाही, तोपर्यंत मी ते फक्त वाचलेलं होतं.

नोव्हेंबरच्या मध्यात डेबियन १३.२ आलं. तिने स्वतःच अपडेट मारलं, नवीन कर्नल, रीस्टार्ट. मला कळलं ते चार दिवसांनी, ती दुसऱ्याच कामासाठी बोलत होती, १६ जीबी रॅम आता कमी पडतेय, अजून १६ टाकली तर बोर्ड घेईल का. म्हटलं घेईल, दोन स्लॉट रिकामे आहेत, जुन्या पट्टीवरचा स्पीड वाचून सांग.